म्हातारा गेला की पैसे पक्के

नोकरीत खून बरेच पाहिले. झालेले, लपवलेले, अपघात म्हणून खपवलेले. पण न झालेल्या खुनाचा तपास मी एकदाच केला आणि तो आठवला की आजही हातातला चहा सांडायची वेळ येते.

कराडच्या बाजूला एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीची माणसं डोळे चोळत घरी निघाली होती आणि ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत बसला होता. तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला, "राम राम मंडळी!"

फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. पिळदार मिशी, चकचकीत बूट, ताठ पाठ. गाव त्यांना आण्णा म्हणायचं. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगाही फौजेतच, सरहद्दीवर. घरात आण्णा आणि सून, दोघंच. असा हा गडी खुर्चीत बसला आणि एकदम खचला.

"साहेब, माझी सून मला मारणार हाय."

मी अंमलदाराला चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं आणि म्हटलं, "आण्णा, काय घडलं ते पहिल्यापासून सांगा."

"परवा दुपारी पाणी प्यायला आत गेलो. सून खोलीत फोनवर बोलत हुती. म्हणती कशी, 'म्हाताऱ्याकडं आता उरलंय काय? जातोयच त्यो. आपण हात लावायचा न्हाई, दुसरं कुणीतरी उडवंल. एकदा म्हातारा गेला की आपलं पैसं पक्कं!'" त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "पोरीसारखी वागवली हो तिला. तवापासनं तिच्या हातचा घास घेतला न्हाई. उपास हाय म्हणून सांगतो आणि एसटी स्टँडवर मिसळ खातो."

उपासाला मिसळ खाणारा फिर्यादी मी पहिल्यांदाच पाहत होतो. हसू येत होतं, पण त्यांचे डोळे पाहिले आणि गिळलं.

"पोराला कळता कामा न्हाई," ते म्हणाले. "तिकडं बंदूक घेऊन उभा हाय त्यो. त्याचं चित्त ढळलं म्हंजी?"

ऐकीव बोलण्यावर गुन्हा दाखल होत नाही. पण कानाडोळा करावा आणि उद्या काही बरंवाईट व्हावं, तर वर्दी अंगावर घेऊन मिरवायचं कशाला? मी अर्ज घेतला आणि चौकशी सुरू केली. सून एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवायची. आमच्या महिला हवालदार साध्या वेशात, मुलीच्या प्रवेशाच्या बहाण्यानं तिथं जाऊन आल्या.

"साहेब, लय झ्याक शिकवती. पोरं जीव टाकत्यात तिच्यावर. खुनी काय वाटत न्हाई."

"खुनी वाटणारा खुनी मला अजून भेटायचाय बाई," मी म्हटलं.

सून फोनवर रोज बोलते ती सांगलीच्या धाकट्या भावाशी, हे आण्णांनीच सांगितलं होतं. सांगलीच्या एका सहकाऱ्याला फोन लावला. त्याचं उत्तर आलं, भाऊ सरळमार्गी आहे, औषधांचं दुकान चालवतो. झालं! सून, सांगलीचा भाऊ, औषधांचं दुकान आणि म्हाताऱ्याची पुंजी. एखाद्या लेखकानं कादंबरीच लिहायला घेतली असती. मीही थोडा फुशारलो, खोटं कशाला बोलू?

एकच गोष्ट खटकत होती. आण्णांचा पुरवणी जबाब घेताना मी सहज विचारलं, "पाणी प्यायला उठायच्या आधी काय करत होता?"

"बसलो हुतो. गोठ्यात."

"गोठ्यात काय करत होता?"

"म्हैस बघत."

एवढं म्हणून ते छताकडं पाहायला लागले. माणूस अवघड प्रश्नाची तयारी करून येतो, अडखळतो तो सोप्या प्रश्नाला. हे मला तीस वर्षांच्या चौकश्यांनी शिकवलेलं. म्हैस बघण्यात लपवण्यासारखं काय असतं, ते मात्र कळेना.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, आपण तिच्या घरी जायचं, असा कायदा आहे. म्हणून रविवारी दुपारी मी आणि हवालदारबाई साध्या कपड्यांत आण्णांच्या घरी गेलो. आण्णांना बजावलं होतं, "मागं गोठ्यात बसा. हाक मारेपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही."

दारापाशी पोचलो तर आतून सुनेचा आवाज, "म्हातारा लय चिवट हाय रं! मरतच न्हाई. मघाधरनं तिघं गेलं, ह्यो आपला बसलाय!"

हवालदारबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं, आणि आम्ही दोघं एकदम आत घुसलो. सून कॉटवर मांडी घालून बसली होती, हातात मोबाईल, कानात इयरफोन.

"पोलीस!" हवालदारबाई गरजल्या.

"बसा ना. दोनच मिनिटं, आत्ता उठता येत नाही," ती म्हणाली. पोलीस पाहून माणसं पळताना पाहिली, रडताना पाहिली, एक तर चक्कर येऊन पडला होता. बसून घ्या म्हणणारी ही पहिलीच.

"कुठला म्हातारा मरत नाही?" मी आवाज चढवला.

तेव्हा कुठं ती भानावर आली. चेहरा पांढराफटक पडला. तिनं मोबाईल माझ्याकडं फिरवला. हिरवं टेबल, भोवती नावं आणि मधे पत्ते.

"पोकर आहे साहेब. ऑनलाइन स्पर्धा. भावानं शिकवलं. पण आण्णांना सांगू नका, पाया पडते! घरात पत्ता दिसला तर चुलीत घालीन, असं मी लग्न होऊन आले त्याच दिवशी सांगितलंय त्यांनी."

तेव्हा पैसे लावून खेळायच्या या ऑनलाइन खेळांवर बंदी आली नव्हती. ती आली हे बरंच झालं, त्या नादात बुडालेली घरं मी पाहिली आहेत. हिचं मात्र हौसेपुरतं, चार आण्याचं काम होतं.

"आणि म्हातारा?"

"हा बघा." तिनं कोपऱ्यातल्या एका नावावर बोट ठेवलं. "खरं नाव कुणाला माहीत? म्हाताऱ्यासारखा खेळतो म्हणून आम्ही म्हातारा म्हणतो. साहेब, पंगतीला पंधरा पानं मांडलीत आणि उभे आहेत सोळा जण. एक जण गेला की बाकी सगळ्यांना बक्षीस. याच्याकडं सगळ्यात कमी चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, उरल्यात. न खेळता नुसतं बसलं तरी दर फेरीला त्या झिजतात. एवढ्याशा चिप्सवर थोडं थोडं लावून भागत नाही. पत्ते टाकायचे, नाहीतर सगळंच लावायचं. आणि हा लावतच नाही! दुसरा मरायची वाट बघतोय."

"आणि तुम्ही हा मरायची वाट बघताय."

"हो," ती म्हणाली आणि जीभ चावली.

माझ्या तपासाचा फुगा तिथंच फुटला. हवालदारबाई तोंडाला पदर... पदर कुठला, ओढणी लावून हसत होत्या. एवढ्यात सून ओरडली, "लावलं! म्हाताऱ्यानं सगळं लावलं!" इयरफोनमधून भावाचा आवाज मलाही ऐकू आला, "ताई, सोड! दुसरा कुणीतरी मारंल!"

"अरे, दश्शीची जोडी हाय माझ्याकडं!"

"हरलीस तर पुढचा नंबर तुझा!"

पडद्यावर वेळ मोजणारी पट्टी सरकत होती. मी निरीक्षक, चौकशीला आलेला, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "लावा हो!"

तिनं बटण दाबलं. पत्ते उलटले. म्हाताऱ्याकडं राजा-नश्शी. मधे पाच पत्ते पडले, त्यात ना राजा, ना नश्शी. म्हातारा खलास.

आणि त्याच क्षणी मागून किंकाळी आली, "मेलो! आयला, मेलो!"

हवालदारबाई गोठ्याकडं धावल्या, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं सून. आण्णा म्हशीशेजारी बादली पालथी घालून बसले होते. अंगाला ओरखडा नाही. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाला लागलेला, अंगठा काहीतरी टाइप करतोय. सुनेच्या हातातला मोबाईल टिंग करून वाजला. टेबलावर म्हाताऱ्याचा निरोप उमटला होता, 'राम राम मंडळी'.

सून मोबाईलकडं पाही, आण्णांकडं पाही. आण्णांचीही ट्यूब पेटली.

"दश्शीची जोडी... तुझी व्हय गं?"

"आण्णा, तुम्ही? पत्ते?"

"आता पैसं भरून नाव घातलेलं हुतं. फुकट कसं घालवायचं?" ते पुटपुटले. चौकशी चालू असतानासुद्धा गड्याला डाव सोडवला नव्हता.

आम्ही पोट धरून हसलो. पण मग सुनेनं साधाच प्रश्न विचारला, "साहेब, तुम्ही आला होता कशासाठी?" आणि मला सांगावं लागलं. तिचं हसू मावळत गेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला पार ओशाळल्यासारखं झालं.

"आण्णा, तुम्हाला वाटलं मी? एवढं वाटलं, तर मला विचारायचं तरी!"

आण्णा मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "भ्या वाटलं गं. तू व्हय म्हणाली असतीस तर? मला तुझ्याबिगर हाय कोण?"

म्हैस शेपटी हलवत होती. सून ताडकन वळून आत गेली. आता ही सांगलीची गाडी धरते की काय, असं मला वाटलं. पण ती ताट घेऊन आली. भाकरी, घेवड्याची आमटी, कांदा. ताट आण्णांच्या पुढ्यात आदळलं आणि डोळे पुसत म्हणाली, "घ्या. विष घातलंय. साहेबांच्या समोर खाऊन बघा."

आण्णांनी घास मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "मीठ कमी हाय."

"झाला जिवंत!" सून म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

गैरसमजातून केलेला अर्ज, अर्जदार स्वखुशीनं मागं घेत आहे, असा शेरा मारून मी तो निकाली काढला. त्यानंतर घरच्याच माणसाचा संशय घेऊन कुणी ठाण्यात आला, की लिहून घ्यायच्या आधी मी त्याला विचारायचो, "त्यांना विचारलंत का?" बहुतेक जण आण्णांसारखेच छताकडं पाहायचे. मी त्यांच्यावर कधी चिडलो नाही. जवळ एकच माणूस उरलं असेल, तर त्याला साधा प्रश्न विचारणंसुद्धा सगळं लावण्यासारखं असतं.