गिटार काळी करताना

मी रांजणगावच्या एका कंपनीत पेंटशॉपला आहे. पत्र्याचे भाग हुकांना लटकून भट्टीत जातात आणि एकसारखे काळे होऊन बाहेर येतात, हे मी रोज बघतो. त्यामुळे बायकोनं माळ्यावरची गिटार खाली काढून "ही काळी करून द्याल का?" असं विचारलं, तेव्हा मी फार विचार केला नाही. "रविवारी करून टाकतो," म्हणालो. त्यानंतर किती रविवार त्यात गेले, ते मला आठवायचंही नाही.

गिटार तिच्या दौंडच्या कॉलेजातल्या दिवसांतली. सासरे रेल्वेत होते. मुलीला आवड म्हणून त्यांनी ती पुण्याहून गाडीच्या गर्दीत छातीशी धरून आणलेली. "अख्ख्या लाकडाची हाय, प्लायचं काम न्हाई," हे त्यांनी आमच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा सांगितलं होतं. लग्नानंतर गिटार कारेगावच्या आमच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या माळ्यावर जाऊन पडली. वाफेनं तिचं पॉलिश तडकलं, पांढरे डाग पडले. आता बायको शाळेत शिकवायला लागली होती, गॅदरिंगला मुलांसोबत वाजवणार होती, आणि असली डागाळलेली गिटार घेऊन तिला स्टेजवर जायचं नव्हतं.

"पण नुसता रंग फासू नका हं," ती म्हणाली. "लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत."

इथंच माझी विद्या संपली. पेंट वर बसतो, खालचं सगळं झाकतो. रेषा दिसायला हव्यात तर रंग लाकडात मुरवावा लागतो, आणि लाकूड आपल्या मर्जीनं पितं. शिरूरच्या दुकानदारानं काळी पावडर दिली. "स्पिरिटमधी कालवा आन् फडक्यानं पुसा. लई सोपं हाय."

गच्चीवर बसून मी तारा काढल्या, जुनं पॉलिश घासून उतरवलं, रंग लावला. एका जागी कोळशासारखा काळा, शेजारी राखेसारखा करडा. मधेमधे तर रंग बसेचना. गिटार बनवताना कुणाच्या तरी बोटाचा सरस तिथं लागला होता, आणि त्याच्या अंगठ्याचा ठसा आता मला स्पष्ट दिसत होता. कोण कुठला माणूस, पण मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

सरस खरवडून दुसरा हात दिला. सावलीत बरी दिसली. उन्हात नेली तर जांभळी. शेजारच्या काकू पापड वाळत घालत होत्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, "वांगी रंग दिला व्हय? छान दिसतीया."

मी गिटार उचलून सावलीत आणली. त्या रंगात थोडी तपकिरी पावडर मिसळून पुन्हा पुसली, आणि एकदाची खरोखर काळी झाली. रेषाही दिसत होत्या. मी बायकोला हाक मारून दाखवली. मग त्याच आनंदात वरून ब्रशनं स्पिरिट पॉलिश मारलं. पॉलिशमधल्या स्पिरिटनं खालचा रंग विरघळवला आणि ब्रशबरोबर ओढून नेला. झाडूनं चिखल सारवावा तसे पट्टे उमटले. पेंटशॉपमधल्या माणसाला हे कळायला नको होतं?

"जेवायला येताय ना?" बायकोनं खालून विचारलं.

"भूक नाही मला!"

"अहो, गिटारीचा राग भाकरीवर कशाला?"

पुढच्या सुट्टीला मी सगळं परत घासायला घेतलं. रागात कडेवर हात जरा जास्तच चालला आणि लाकडात एक आडवी रेघ दिसली. तिच्याखाली दुसरी. पातळ पापुद्रे, एकावर एक चिकटवलेले. मी पॉलिश पेपर खाली ठेवला. प्लाय होती. आणि त्याच दिवशी सासरे दौंडहून येणार होते.

बायको वर आली. मी कड दाखवली.

"मला माहितीये," ती म्हणाली. "मधल्या भोकाच्या काठाला थर दिसायचे. कॉलेजात असतानाच मी तिथं पेननं काळं केलं होतं. बाबांना सांगू नका. किती हौसेनं आणलीये त्यांनी."

तेवढ्यात जिन्यावर सासऱ्यांचा आवाज आला. तिनं रंगाचं फडकं उचललं आणि कडेवरून झरझर फिरवलं. बोटं काळी झाली, ती तिनं पदराखाली घेतली.

सासऱ्यांनी गिटार हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली. "घासून घासून पाक जीव काढला की हिचा, जावईबापू. पन बघा, कसा रंग पिलीया! प्लाय असती तर पिली असती का?"

"न्हाई, मामा," मी म्हणालो.

"बूट पॉलिश लावून बघितलं का?"

"न्हाई, मामा."

"लावा की मंग."

ते जाईपर्यंत मी दात आवळून होतो. आता आणखी घासायची सोय नव्हती, वरचा पापुद्राच संपला असता. म्हणून मी घाई सोडली. रंग अगदी पातळ करून, फडकं पिळून, एकाच दिशेनं थोडा थोडा पुसत गेलो. नीट वाळू दिला. वर ब्रश लावलाच नाही, स्प्रेनं पारदर्शक लॅकरचे हलके हात दिले. रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ त्यावर बसायचीच. ती टिपायची, परत स्प्रे मारायचा. शेवटी आडव्यातिडव्या उजेडात धरूनही गिटार सगळीकडून सारखी काळी दिसली, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झोप आली.

गॅदरिंग झकास झालं. सासरे पहिल्या रांगेत बसून शेजारच्याला काहीतरी सांगत होते, काय ते मला मागूनही कळत होतं. कार्यक्रमानंतर मुलांनी गिटारीला गराडा घातला, प्रत्येकानं हात लावला. घरी आणून बघतो तर चकचकीत काळ्यावर सगळ्या बोटांचे ठसे. मी कापड घेऊन पुसायला बसलो. एक गेला की दुसरा दिसायचा.

"आता पुरे," म्हणत बायकोनं गिटार माझ्या हातातून काढून घेतली आणि तारा जुळवायला लागली.