पेन कमानीत अडकलं, कारण टायर माझे होते

आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कारण सांगते, पण सगळं हसू इथेच संपवू नका, पुढे लागणार आहे.

यंदाच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या मैत्रीचं भाषण ठरलं होतं. मैत्री म्हणजे माझी मुलगी, दुसरीतली. भाषण कुठून करायचं? रथावरून. आणि रथ म्हणजे काय, तर माझ्या नवऱ्याची, नरेशची पिकअप. एरवी ती कॉटन ग्रीनच्या गोदामांतला माल वाहते. जयंतीला तिचा हौदा धुऊनपुसून निळ्या कापडाने मढवला की झाला रथ. त्यावर मंडळाचा देखावा चढतो. एक भलंमोठं उघडं पुस्तक आणि त्यात उभं रोवलेलं लाकडी पेन, निब वर. मैत्रीने चाळीच्या गेटबाहेर त्या पुस्तकाशेजारी उभं राहून भाषण करायचं आणि मग तशीच रथातून नाक्यापर्यंत जायचं.

आता तुम्हीच सांगा, डिलाईल रोडचे खड्डे आणि हौद्यात उभी आपली पोर, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर कुठल्या आईबापाला झोप लागेल?

नरेशला लागत होती.

शिवाय दुसरी काळजी होतीच. एवढी माणसं बघून ती गप्पच झाली तर? पण त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. खड्ड्यांवर होता. मोबाईलवर एका व्हिडिओत एक दाढीवाला सांगत होता की मोठ्या साइजचे टायर घाला, खड्डा कळणारसुद्धा नाही.

"अगं, मिरवणूक मुंगीच्या चालीने जाते," नरेश म्हणाला. "तिला काय होणार?"

"मुंग्या पडत नाहीत का?"

"स्टेअरिंग जड होईल. ॲव्हरेज पडेल. स्पीडचा काटा कमी दाखवणार आणि गाडी जास्त पळणार."

"मग काटा बघूच नकोस. हळू चालव."

यावर त्याने गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाला, "चल शिवडीला."

शिवडीचा टायरवाला मात्र माझ्या बाजूचा निघाला. "भाभी, गाडी एकदम पैलवान दिखेगी," म्हणाला. आणि दिसलीही. मी घरी येताना पुढच्या सीटवर अशी बसले होते की टॅक्सीवाले मला खुजे वाटत होते.

दुसऱ्या दिवसापासून पैलवानाने रंग दाखवायला सुरुवात केली. वळण घेतलं की टायर आतल्या पत्र्याला घासायचा आणि खर्रर्र असा आवाज यायचा, कुणीतरी रागाने घसा साफ करावा तसा. सिग्नल सुटला की मागचे हॉर्न आधी निघायचे, गाडी नंतर. आणि सासूबाई तर पायरीपाशीच थांबल्या. एक पाय उचलला, परत खाली ठेवला.

"सूनबाई, ही गाडी आहे की माळा? मला स्टूल लागेल."

"सवय होईल, आई," मी म्हटलं.

त्यांनी घरातून निळं प्लास्टिकचं स्टूल आणवलं आणि त्यावरून चढल्या. मैत्रीला ते फार आवडलं. तेव्हापासून ते "आजीचं स्टूल" झालं. मला ते अजिबात आवडलं नाही, म्हणून मी ते गुपचूप घरात मोरीजवळ नेऊन ठेवलं.

जयंतीच्या दिवशी सकाळी मी रथाजवळ उभी राहून सगळ्यांना बजावलं की हौद्यात मैत्रीशिवाय कोणीही चढायचं नाही, तोल जातो. कांबळेकाकी चढल्या होत्या फोटोपुरत्या. त्यांनासुद्धा मी उतरवलं.

बेंजोचा ताफा वाजायला लागला. पांढऱ्याशुभ्र साड्यांमधल्या बायका, निळे झेंडे, फेटे. पिकअप कंपाउंडमधून गेटकडे निघाली. गेटवर आमच्या चाळीची जुनी लोखंडी कमान आहे. पिकअप कमानीखाली शिरली आणि वरून आवाज आला. टक्.

सगळ्यांनी माना वर केल्या. पेनाचं निब कमानीला टेकलं होतं.

"दरवर्षी चार बोटं जागा राहते," कांबळेकाका म्हणाले. देखावा दरवर्षी तेच बसवतात. "यंदा पेन वाढलं की काय?"

नरेश गाडीतून उतरला. सरळ टायरकडे बघायला लागला. त्याच्या नजरेमागून अख्ख्या चाळीची नजर टायरकडे गेली आणि तिथून सावकाश माझ्याकडे आली.

"पेन नाही वाढलं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सूनबाईंनी गाडी वाढवलीय."

"निब थोडं कापूया का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"जयंतीच्या दिवशी पेन कापतोस?" कांबळेकाका असे वळले की तो माणूस नंतर दिसलाच नाही.

"टायरची हवा सोड."

"आणि नाक्यापर्यंत रिमवर नेऊ?" नरेश म्हणाला. मग त्याने हौद्याकडे बघितलं, बायकांकडे बघितलं, आणि मला वाटतं त्या दिवसात पहिल्यांदाच हसला. "रिकामी गाडी उंच असते. माल भरला की स्प्रिंगचे पाटे दबतात, गाडी बसते. भरा माल."

मग मी, हो मीच, एकेकीला विनवत फिरले. "मावशी, चढा ना. काकी, या ना वर."

"सकाळी तर तोल जातो म्हणालीस," कांबळेकाकी म्हणाल्या.

"सकाळची मी वेगळी होते, काकी."

वरून दोघी ओढायच्या, खालून दोघी ढकलायच्या. गाडी बसत गेली. हौदा भरला तरी बोटभर कमीच पडत होतं. आता चढायचं कोण राहिलं? पुन्हा अख्खी चाळ माझ्याकडे. मी उंचीला घाबरते, हे सांगेपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

आणि पेन निघालं. कमानीखालून असं अलगद, की मध्ये कागद सरकवला असता तर अडकला असता. टाळ्या, बेंजो, माझी मैत्री त्या गर्दीत दोन बायकांच्या मधून नाचतेय.

गेटबाहेर बायका हात धरधरून उतरायला लागल्या. एकीने उतरावं की गाडीने वर यावं. दुसरी उतरली, आणखी वर. मी होते शेवटची. खाली बघितलं तर जमीन केव्हाच लांब गेली होती. मी पेनाला मिठी मारली.

तेवढ्यात बेंजो थांबला. भाषणाची वेळ.

मैत्रीने माईक हातात घेतला. समोर माणसंच माणसं. ती गप्प. मी पेनामागून कुजबुजले, "सर्वप्रथम..."

तिने मागे वळून मला बघितलं. मिठी बघितली. मग माईक तोंडाजवळ नेला आणि नाक्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली,

"सर्वांना जयभीम. मला भाषण येतं. पण आधी आजीचं स्टूल आणा, ते आईने मोरीत लपवलंय, आणि आता तिलाच उतरता येत नाहीये."