मोठ्या मायचे पाच कंदील

भिकुबाई, म्हणजे माझ्या वडलांची थोरली भावजय, मला कधीच आवडली नाही. आम्ही तिला मोठी माय म्हणायचो, म्हणावं लागे म्हणून. आम्ही पोरी अंगणात नुसत्या हसलो तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. आता ती नाही, म्हणून तिच्याबद्दल खोटं गोड लिहिणं मला जमणार नाही.

धुळ्याच्या पाचव्या गल्लीतल्या आमच्या घरात वीस वर्षं कंदील तिच्या ताब्यात होते. रोज दुपारी पाचही पुढ्यात मांडून बसायची. राखेनं काचा पुसायची, वाती कातरायची, घासलेट भरायची. दुसऱ्या कुणी काचेला बोट लावलं की हातावर फटका बसलाच म्हणून समजा.

१९३८ साली आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, वीज घेतली. पितांबर पाटलाकडे बिजली आली हे साऱ्या गल्लीला दिसावं म्हणून दारं सताड उघडी ठेवून त्यांनी बटण दाबलं. लोक आ वासून वर बघत होते, तेवढ्यात कंदिलांच्या धुरानं काळ्या पडलेल्या भिंतींकडे बोट दाखवून आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, तुमना कंदीलस्नी मन्या भिती काया कयात. उचला हाई अडगय!"

मोठ्या मायला विधवा होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. तिनं त्या दिव्याला आणि आबांना एका दमात शिव्या घातल्या. आबांनी तिला उंबरठ्याच्या आत पाय ठेवायला बंदी केली. ती दोन्ही हातांत दोन-दोन कंदील आणि पाचव्याची कडी दातांत धरून अंगणापलीकडच्या आपल्या दोन खोल्यांत निघून गेली. मला तेव्हा हसू आलं होतं, आणि मी हसले होते.

दोन वर्षांनी मला पाहायला एरंडोलचे पाहुणे आले. आबांनी मुद्दाम दिवेलागणीची वेळ ठरवली, कारण बिजलीचा थाट दुपारी कसा दिसणार! दिवा बरोबर माझ्या पाटाच्या वर टांगला होता. पाहुणे पलीकडे भिंतीशी, सावलीत. नवऱ्यामुलाचं नाव हिलाल, घरची केळी आणि कपाशी, एवढंच मला आणि आईला सांगितलं होतं. मी मान खाली घालून बसले. वर बघायची पद्धत नव्हती. मला फक्त त्यांचे जोडे काढलेले पाय दिसत होते, आणि उद्या ज्याच्या घरी जायचं त्याचे यातले कोणते, हे मी ओळखू पाहत होते.

आबा होकार देणार एवढ्यात दिवा गेला. आबांनी बटण चार वेळा खटखटवलं. मग आरडाओरडा सुरू झाला. घरात घासलेटचा थेंब नव्हता. देवघरातली समई हलवायला आजी तयार नव्हती. शेवटी माझी आई, पुष्पाबाई, अंगण ओलांडून भिकुबाईच्या दारात गेली. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं.

"अक्का, कंदील द्या ना. पाव्हना अंधारामा बठेल शेतस."

"दिवाबत्ती लागनी का घरना दिवा कोनले देतस नही."

खरंच देत नाहीत. तिन्हीसांजेला घरचा दिवा दुसऱ्याच्या हाती दिला तर लक्ष्मी जाते, हे आईलाही माहीत होतं. ती रडायला लागली. तेव्हा मोठी माय म्हणाली, "मी दिवा देवाव नही. दिवाना संगे मी येसू."

आणि ती आली. बंदी घातलेला तो उंबरठा तिनं पाहुण्यांसमोर ओलांडला. त्यांच्यादेखत आबांना तिला अडवता येईना. त्यांनी कंदील घ्यायला हात पुढे केला, तिनं दिला नाही. माझ्याकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ भिंतीशी गेली आणि कंदील नवऱ्यामुलाच्या तोंडासमोर उंच धरला.

"पोरनं तोंड बठ्ठास्नी देखं. आते नवरदेवनं बी देखू."

माझं तोंड सगळ्यांनी पाहिलं होतं, आता त्याचं बघायची पाळी होती; मी मान वर केली. त्याच्या कानामागं कलप उतरून पांढरे केस उघडे पडले होते. गाल आत गेलेले, खालचे दात नव्हते. आईच्या हातातली पोह्यांची ताटली खाली पडली.

"हाऊ ते मना मोठा भाऊना उमरना शे!" ती ओरडली.

आबांनी नजर चुकवली, आणि त्यांना हे आधीपासून माहीत होतं हे मला कळलं. स्वतःच्या बापाचा इतका राग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही. कुणी ऊठ म्हटल्याशिवाय मुलीनं पाटावरून उठायचं नसतं. मी उठले आणि आत निघून गेले.

पाहुणे तणतणत गेल्यावर दिवा आला. रिकाम्या पाटावर लख्ख उजेड पडला.

"दिवा उना, वहिनी. आते घर जा," आबा गुरगुरले.

"जास. देखानं व्हतं ते देखाई गयं."

दुसऱ्या दिवशी आईनं मला तिच्या पाया पडायला पाठवलं. तिनं पाय मागे ओढले. "तुनाकरता कय नही," म्हणाली आणि दार लावून घेतलं. माझ्यासाठी तिनं ते केलं नव्हतं, हे खरंच होतं. तिला आबांचं नाक कापायचं होतं, माझं लग्न मोडलं ते त्यात. पुढं वर्षभर गल्लीतल्या बायका मला बघून कुजबुजायच्या, तेव्हा मी आबांना आणि तिला सारखेच शिव्याशाप दिले.

नंतर अमळनेरच्या लीलाधरचं स्थळ आलं. कार्यक्रम भर दुपारी बारा वाजताच ठेवा, असं मी आबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी पाहुण्यांना तीच वेळ कळवली. मोठ्या मायला अर्थातच बोलावणं नव्हतं.

ती आली. हातात कंदील होता, लख्ख उन्हात पेटवलेला. आबा दारातून बाजूला झाले. ती भिंतीशी बसलेल्या पाहुण्यांकडे निघाली, तेव्हा मी मान खाली घातली नाही.

लीलाधरनं टोपी काढली आणि आपणहून तोंड पुढे केलं.