घरत साहेब आणि ‘मला माहीत नव्हतं’

वकिलांकडे पैसे साठतात असा लोकांचा समज आहे. साठतात ते किस्से! पनवेल कोर्टाच्या बाररूममध्ये दुपारी डबे उघडले की कोणाची तरी भाजी आणि कोणाचा तरी किस्सा फिरायला लागतो. भाजी संपते, किस्सा उरतो. तो उद्या दुसरा सांगतो, परवा तिसरा, आणि काही दिवसांनी आपलाच किस्सा कोणीतरी आपल्यालाच ऐकवतो. वर दम, “तुला नाही माहीत, तू ऐक!”

माझ्याकडचे निम्मे किस्से घरत साहेबांचे. घरत साहेब म्हणजे आमचे सरकारी वकील. उरणकडचे, मिठागरवाल्या घरातले. आवाज असा, की माइक बिघडला तरी कोणी दुरुस्तीची घाई करत नाही. मी समोरच्या बाजूची, म्हणजे आरोपींची वकील. अमली पदार्थांच्या केसेसमध्ये आमची कायम जुंपते.

या केसेसमध्ये आरोपी कोणीही असो, वाक्य एकच. “साहेब, आत काय होतं मला माहीत नव्हतं!” कायदा म्हणतो, माल तुझ्याकडे सापडला ना, मग तुला माहीत होतं असं आम्ही धरून चालतो. नव्हतं, तर ते तू सिद्ध कर. सरकारी वकिलाला आणखी काय हवं? आरामात बसावं! पण घरत साहेब म्हणतात, “कायदा धरून चालतो, मी नाय चालत. त्याला माहीत होतं, हे आधी मला दिसलं पाहिजे.”

* * *

पहिला मार मीच खाल्ला. माझा अशील टेम्पो ड्रायव्हर. रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या घेऊन निघाला आणि पनवेलच्या अलीकडे पळस्प्याला पकडला गेला. पेट्यांत गवत, गवताखाली गांजा. आंबा औषधालाही नाही! “हापूस म्हणून दिल्या, हापूस म्हणून आणल्या,” हे त्याचं म्हणणं. मला ते इतकं पटलं की मी हौसेनं त्याला साक्षीलाच उभं केलं.

घरत साहेब उठले. “दिवसभर पेट्या तुमच्या पाठीशी. हापूसचा वास येत नाही, हे लक्षात आलं नाही?”

“सर्दी होती साहेब. नाक पार चोंदलेलं.”

मी मनातल्या मनात शाबास म्हटलं.

“जेवायला थांबलात तिथे काय मागवलंत?”

“सुरमई थाळी.”

“मग परत का पाठवलीत?”

ड्रायव्हरनं मागे पाहिलं. हॉटेलचा वेटर साक्षीदारांच्या बाकावर बसलेला!

“सांगा, सांगा. वेटरला काय म्हणालात?”

“...मासळीला वास येतोय म्हणालो.”

सगळं कोर्ट हसलं. बाहेर आल्यावर साहेब मला म्हणाले, “बाई, तुमच्या अशिलाची सर्दी बरी हो! बरोबर जेवणाच्या वेळेला उतरते.”

* * *

मोरा जेटीवर एक गृहस्थ लाँचमधून उतरताना सापडले. हातात पिशवी, पिशवीत चरस. म्हणे, शेजारच्या अनोळखी माणसानं जरा धरायला दिली.

लाँचच्या खलाशानं साक्ष दिली, की समुद्र खवळलेला होता, पाणी आत उडत होतं, आणि या गृहस्थांनी रेनकोट काढून त्या पिशवीवर पांघरला.

“अनोळखी माणसाच्या पिशवीवर तुमचा रेनकोट?” घरत साहेब म्हणाले. “आणि पुढच्या बाकावर तुमची बायको भिजत होती!”

“माणुसकी म्हणून साहेब...”

इतक्यात मागून बायकोच उठली. “मला म्हणाला रेनकोट घरी विसरला!”

न्यायाधीश म्हणाले, “बाई, शांत बसा.” घरत साहेब हात जोडून म्हणाले, “हे रेकॉर्डवर नको साहेब. यांचा निकाल घरीच लागेल.”

* * *

पण पोलिसांचं सगळंच ते मान्य करतात असं मुळीच नाही हं! एकदा एक नवा इन्स्पेक्टर छाती फुगवून सांगायला लागला, “सर, आम्हाला बघून आरोपीला दरदरून घाम फुटला. म्हणजे त्याला माहीतच होतं!”

“कुठे पकडलात?”

“एसटी स्टँडवर. मे महिन्यात.”

“पनवेलच्या एसटी स्टँडवर मे महिन्यात घाम न आलेला माणूस दिसला,” साहेब म्हणाले, “तर आधी त्याला अटक करा!”

* * *

विचुंब्याच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये एक तरुण भाड्यानं राहायचा. पोटमाळ्यावर चरस सापडला. म्हणे, आधीच्या भाडेकरूचा असेल, मी कधी वर पाहिलंच नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी साक्षीला आला आणि त्यानं आरोपीची तारीफच सुरू केली. मुलगा फार धार्मिक हो! सकाळ-संध्याकाळ घरातून धुपाचा वास. आम्ही त्याला गणपतीच्या कमिटीवर घेणार होतो! माझा मित्र आरोपीचा वकील होता, तो खुशीत. आयतंच चारित्र्याचं सर्टिफिकेट!

पुढे आरोपी स्वतः साक्षीला आला. घरत साहेबांनी एकच विचारलं, “घरात देव कुठला?”

पोरगं गडबडलं. “देव... नाही. मी नास्तिक आहे.”

“मग धूप कोणासाठी?”

मित्रानं कपाळाला हात लावला. तो आजही धुपाचा वास आला की मला शिव्या घालतो, जसं काही मीच त्याला हरवलं!

* * *

आता बारकीची गोष्ट. बारकी म्हणजे वीटभट्टीवर राबणारी कातकरी बाई. भट्टीच्या मुकादमानं तिच्या झोपडीशी एक पोतं आणून टाकलं. “खत आहे, राहू दे आठ दिवस.” पोलीस आले तेव्हा आत गांजा निघाला. मुकादम जो पळाला, तो पळालाच. माल इतका, की गुन्हा शाबीत झाला तर दहा वर्षांच्या खाली शिक्षाच नाही. बारकी जेलात, आणि तिची चार वर्षांची पोर आजीकडे, बारकीच्या आईकडे. प्रत्येक तारखेला आजी पोरीला घेऊन यायची आणि कोर्टाबाहेरच्या पायरीवर बसून राहायची.

बारकीची वकील मी, मोफत कायदेशीर मदतीतून नेमलेली. मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, “मना ठाव नाय.” आता हे सिद्ध कशानं करायचं? माहीत असल्याचा पुरावा मिळतो एक वेळ. माहीत नसल्याचा कुठून आणू? कोर्टात शिरताना मी त्या पोरीकडे बघायचं टाळायची.

तपास अधिकाऱ्याच्या साक्षीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे कँटीनमध्ये चहाला. किस्से चालू होते. अधिकारी रंगात आला. “एक गंमत सांगतो! त्या बारकीचं पोतं आम्ही ओढतोय, तर मागे शेळी बोंबलतेय. बाईनं शेळी पोत्यालाच बांधलेली! आधी शेळी सोडली, मग माल जप्त. तेवढ्यात त्या शेळीनं आमची सीलची लेबलं खाल्ली!”

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. घरत साहेबांनी मात्र कप खाली ठेवला.

“पोतं होतं कुठे?”

“अंगणात. रस्त्याला लागून.”

“शेळी पंचनाम्यात लिहिलीत?”

“शेळी काय मुद्देमाल आहे, साहेब?”

साहेब उठले. चहा तसाच टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी अधिकारी साक्षीला उभा राहिला. वजन, सील, पंच, सगळं झालं. मग घरत साहेब म्हणाले, “आता काल चहाला सांगितलात तो किस्सा कोर्टाला सांगा.”

मी सवयीनं ताडकन उठले. “ऑब्जेक्शन! पंचनाम्यात नाही ते आता—”

“बाई, बसा,” साहेब हळूच म्हणाले. “तुमचंच काम करतोय.”

मी बसले. अधिकाऱ्यानं घाम पुसत तोच किस्सा पुन्हा सांगितला. या वेळी कोणी हसलं नाही.

पुढे बारकीचा जबाब घेताना न्यायाधीशांनी विचारलं, “पोतं अंगणात का ठेवलंस? घरात का नाही?”

बारकी पहिल्यांदा लांब बोलली. “घरान ठेवला तं शेली बांदायला काय व्हता, साहेब? भट्टीवाला खुटा मारून देत नाय. पोता जड व्हता, शेली हलत नाय.”

शेवटी घरत साहेब उठले. “हिच्याकडे एकच शेळी. लेबलंसुद्धा सोडत नाही अशी. ती शेळी ही बाई जाणूनबुजून गांज्याला बांधेल? तेही भर रस्त्याला? हिला माहीत होतं असं मला दिसत नाही. सरकार पक्षाला आणखी काही म्हणायचं नाही.” एवढं बोलून खाली बसले. खरं सांगते, माझे डोळे भरून आले. समोरच्या बाजूला असा माणूस असावा, हे भाग्य आहे.

बारकी सुटली. बाहेर आली, पोरीला कडेवर घेतलं आणि तडक घरत साहेबांकडे गेली. वाकून पाया पडली. आपल्या आईला म्हणाली, “आये, यो माजा वकील!”

साहेब ओशाळले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “अगं, मी नाय. तुझ्या वकील या बाई.”

बारकीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ही?” ती म्हणाली. “हीच तं तुमाला बोलू देत नव्हती!”