चौथ्या नंबरचा मायक्रोस्कोप

जीवशास्त्र शिकवणाऱ्यांकडे किस्से साचतात ते बोडीतल्या, म्हणजे शेताकडच्या छोट्या तळ्यातल्या, गाळासारखे. कोणी पाय घालत नाही तोवर पाणी एकदम स्वच्छ! आमचं ज्युनिअर कॉलेज साकोली तालुक्यातलं. विभागात माणसं तीनच: विभागप्रमुख लांजेवार सर, लॅब सांभाळणारे शेंडे भाऊ आणि मी. दुपारच्या चहाला कोणीतरी एखादा किस्सा काढतो. आधी आम्ही पोट धरून हसतो, मग तिघेही आपापल्या कपात पाहत बसतो.

* * *

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपची पूजा होते. सगळे टेबलावर ओळीने, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार. माझ्या घरी ही पद्धत नाही, पण पेढ्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

एका वर्षी लांजेवार सरांनी भक्तीच्या भरात शेजारी ठेवलेल्या कोऱ्या काचपट्ट्यांवरही कुंकू वाहिलं. सुट्टीनंतर अकरावीला रक्ताचं प्रॅक्टिकल. त्याच पट्ट्या वापरल्या गेल्या. पोरं ओरडायला लागली, "सर, आरबीसी दिसून राहिल्या! लाल लाल!"

सर खूश. एकोडी गावची प्रणाली तेवढी पुन्हा पुन्हा भिंगातून पाहत होती. तिला लॅब टेक्निशियन व्हायचं होतं, आणि हे ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत असे. ती म्हणाली, "सर, हे तं कुंकू वाटून राहिलं."

"पोरी, डोळे धुऊन ये आधी!"

ती खरंच नळावर जाऊन डोळे धुऊन आली. तोवर बाकीच्यांनी कुंकवाच्या सुबक आकृत्या काढल्या होत्या, आणि सरांनी त्यांना पैकीच्या पैकी दिले होते.

* * *

दोन डोळ्यांनी पाहायचा एक भारी बायनॉक्युलर मायक्रोस्कोपही आहे आमच्याकडे. तो कपाटात, कुलपात. पोरांच्या हातात दिला तर बिघडेल ना! मागे तपासणी आली म्हणून बाहेर काढला, तर लेन्सवर पांढरी बुरशी.

शेंडे भाऊंनी कपाळाला हात लावला. सर मात्र शांत. म्हणाले, "राहू द्या भाऊ. फंगसचा धडा यायचाच आहे."

* * *

स्नेहसंमेलनात संस्थेच्या अध्यक्षांनी भाषणात ठोकून दिलं, "पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप! एक नाही, दोन घेऊ. एक बिघडला तं दुसरा!" टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आम्ही वाजवल्या.

ही बातमी गावोगाव गेली. एक दिवस थेट बपेऱ्याहून एक काका धानाचं रोप पिशवीत घेऊन आले. तुमसर तालुक्याच्या पार टोकाचं गाव, दोन बस बदलून आलेले. "तुमच्या त्या मोठ्या मशीनमंदी पाहून सांगा, काय लागलं याले?"

मशीन कुठलं! कॅलेंडरशेजारी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं चित्र टांगलेलं होतं, तेवढंच. शेवटी मी साधा डिसेक्टिंग मायक्रोस्कोप काढला. त्याखाली अख्खं पान ठेवता येतं. तपकिरी तुडतुडे स्वच्छ दिसत होते. सरांचं पाहून झालं, माझं पाहून झालं, मग काकांनी पाहिलं.

"मोठे दिसून राहिले," काका म्हणाले. "आता औषध सांगा."

आम्ही दोघांनी शेंडे भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी चित्राकडे पाहिलं.

* * *

जिवाणू पाहायचे तर सगळ्यात ताकदीची लेन्स लागते, आणि ती व काचपट्टी यांच्यामध्ये एका खास तेलाचा थेंब. ते तेल संपलेलं. सर म्हणाले, "तेल म्हणजे तेल," आणि घरून खोबरेल घेऊन आले. दिसलं तर काही नाहीच. बाटली तशीच टेबलावर राहिली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मायक्रोस्कोपांवर मुंग्यांची वारुळं!

मागच्या बाकावरून आरोळी आली, "मॅडम, बॅक्टेरिया पळून राहिला! त्याले पाय हायेत!"

प्रणालीने जाऊन भिंगातून पाहिलं. "मुंगी हाय ते," ती म्हणाली. वर्ग तिच्यावरच हसला. मीही हसले. का हसले, हे आजही मला सांगता येत नाही.

* * *

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला आमची एक पद्धत आहे. टेबलावर मायक्रोस्कोप ओळीने मांडायचे, प्रत्येकात काचपट्टी आधीच लावून ठेवायची. पोरांनी फक्त डोळा लावायचा, स्क्रूला हात लावायचा नाही. घंटी वाजली की पुढे सरकायचं. क्रम वर्षानुवर्षं तोच, त्यामुळे सीनियर पोरं ज्युनिअरना सांगून ठेवतात, "चौथ्या नंबरले कांद्याचं मूळ, मेटाफेज." पाहायची गरजच राहत नाही.

त्या दिवशीही सगळं सुरळीत चाललं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौथ्यावर क्षणभर डोळा लावला आणि म्हणाले, "वा मॅडम, फोकस सुंदर आहे!" मी मान तुकवली.

प्रणाली चौथ्यापाशी आली आणि थांबली. घंटी वाजली तरी हलेना. हळूच म्हणाली, "मॅडम, याच्यात मले काहीच नाही दिसून राहिलं."

"सगळ्यांले दिसलं, तुलेच काहून नाही दिसत? सरक पुढं!" मी दटावलं.

संध्याकाळी मार्कांचं पाकीट सीलबंद करून परीक्षक गेले. प्रत्येक पोराने मेटाफेज, म्हणजे पेशी दुभंगण्याआधीची अवस्था, काढली होती, गुणसूत्रं मधोमध, रंगीत पेन्सिलीने. एकीनेच नुसतं वर्तुळ काढून खाली लिहिलं होतं, 'काही दिसत नाही'. त्यावर लाल पेनाने शून्य. आवरता आवरता शेंडे भाऊंनी चौथा मायक्रोस्कोप उचलला आणि तसेच उभे राहिले. क्लिपांखाली पट्टीच नव्हती. कांद्याचं मूळ डब्यात होतं, सकाळपासून.

त्या दिवशी चहाही झाला नाही.

निकालानंतर प्रणाली टी.सी. न्यायला आली. पास झाली होती, बरे मार्क होते. तिला पाहून माझा जीव भांड्यात पडला. मी विचारलं, "मग, लॅब टेक्निशियनचा फॉर्म भरला ना?"

"नाही मॅडम. बी.ए.ले घेतली ॲडमिशन."

"काहून वं?"

"लॅबचं काम मले जमणार नाही, मॅडम. मायक्रोस्कोपातलं सगळ्यांले दिसते, मलेच दिसत नाही."