लागलं म्हना, मिटलं

"लागलं म्हना, मिटलं."

गाडीच्या टपावर दोन बोटं ठेवून आमचे मुकादम हे वाक्य म्हणायचे. आमच्या वाशीच्या सोसायटीत त्यांच्या पांढऱ्या गाडीला रिव्हर्स घेताना धक्का न लावलेला माणूस विरळा, त्यामुळे ते बहुतेकांनी ऐकलेलं आहे. पैसे ते मागत नसत. खिशातून छोटी वही काढत, 'माझ्याकडून लागले' एवढं लिहून घेत आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच खर्चाने पत्रा सरळ करून आणत. कबूल न झालेला पोचा मात्र तसाच ठेवत.

ते साताऱ्याकडचे. धान्यबाजारात गोण्या उचलणाऱ्या टोळीचे मुकादम होते, म्हणून आम्हीही त्यांना मुकादमच म्हणायचो. टोळीत गोणी फुटली की ज्याच्या हातून फुटली त्याने हात वर करायचा, मग त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा त्यांचा रिवाज. काम सुटलं तरी तो त्यांनी सोडला नाही.

त्यांची मुलगी दिघीला दिलेली, माझं गावही तिथून जवळ. त्यामुळे दर महिन्याला आम्ही दोघे त्यांच्या गाडीने निघायचो आणि आगरदांड्याला फेरीबोटीने खाडी ओलांडायचो. तिथे ड्रायव्हरने एकट्याने गाडी आत घ्यायची आणि बाकीच्यांनी पायी चढायचं. गाड्या इतक्या खेटून लावतात की मधून जाताना पोट आत घ्यावं लागतं. माझं पोट आता कुणाचं ऐकत नाही.

त्या दिवशी मी धक्क्यावर सात नारळ घेतले. मुकादम गाडी लावून वर कठड्याशी गेले होते. पिशवी डिकीत टाकावी म्हणून मी त्यांची गाडी आणि शेजारचा बर्फाचा टेम्पो यांच्यामधून घुसलो. पिशवीचा एक बंद तुटला आणि ठक् असा आवाज झाला. मागच्या दाराला वाटीएवढा पोचा पडला. मी इकडेतिकडे पाहिलं, नारळ डिकीत ठेवले आणि वर जाऊन मुकादमांना म्हणालो, "आज वारा छान आहे."

दिघी जवळ आल्यावर ते खाली उतरले. पोचा पाहिला आणि टेम्पोच्या ड्रायव्हरपाशी गेले.

"दार लागलं तुमचं. लागलं म्हना, मिटलं."

"नाय ओ काका, माझा दार मी उघडलाच नाय. कवापासून आतच बसलोय."

"पैसं नगंत मला. निसतं लागलं म्हना."

बोट धक्क्याला लागली होती. मागून हॉर्न सुरू झाले, बोटीवरचा माणूस शिट्टी फुंकत होता. टेम्पोतून पाणी गळत होतं. ड्रायव्हर एकदा मुकादमांकडे बघे, एकदा मागच्या बर्फाकडे. तीस वर्षं मुलांना 'खरे बोलावे' शिकवलेला मी मास्तर शेजारीच उभा होतो. टेम्पोच्या मागच्या फळीवर कुणीतरी पापलेट रंगवलं होतं, ते बघत राहिलो. चित्र चांगलं होतं.

शेवटी ड्रायव्हरने वही ओढली आणि लिहून दिलं. "लागला बाबा, लागला. आता जाऊ द्या, बर्फाचा पानी झाला." मुकादमांनी त्याला हात जोडले.

गावी उतरताना मी मुकादमांना दोन नारळ दिले. एरवी एक दिला असता.

वाशीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमधून पोचा तसाच घेऊन परत आले. पत्रेवाला म्हणाला होता, टेम्पोचं दार एवढ्या खाली येत नाही, हे काहीतरी गोल लागलंय. मुकादम पार्किंगमध्ये स्टुलावर बसून दाराकडे बघत होते.

"मास्तर, गरीब मानसाकडनं खोटं लिवून घेतलं म्या."

पुढची दोन वर्षं मुकादम बोटीवर वर म्हणून गेले नाहीत. खाली गाड्यांमधून पापलेट शोधत फिरायचे. मीही त्यांच्याबरोबर शोधायचो.

एकदा उन्हात फिरून दमले आणि गाडीला टेकून म्हणाले, "त्याचं पान त्याच्या हातात दिलं, की मग डोळं मिटलं तरी चालंल."

मला राहवलं नाही. मी हात वर केला. "मुकादम, नारळ होते. माझ्याकडून लागलं."

बोट दिघीला लागेपर्यंत ते वही चाळत राहिले. मग वहीतलं ते पान फाडून माझ्या खिशात घातलं.

"मला कशाला सांगताय? त्याला सांगा."

आणि नेहमीसारखं मला गावापर्यंत सोडलं. वाशीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी पत्रा सरळ करून आणला.

गेल्या श्रावणात ते गेले. गाडी विकली गेली. मी आता एसटीने जातो आणि बोटीवर चढलो की खालीच थांबतो. मुकादमांची फार आठवण येते. तिच्याबरोबर लाजही येते, दोघी एकदमच येतात. पान पाकिटात आहे.

तुमचं त्या बाजूला जाणं झालं आणि मागच्या फळीवर पापलेट रंगवलेला टेम्पो दिसला, तर ड्रायव्हरला फार वेळ थांबवू नका, बर्फ असेल. तुम्ही त्याला काही सांगूही नका, सांगायचं मला आहे. तो कितीच्या बोटीने परततो, तेवढं फक्त विचारून ठेवा.