एकाच पातेल्यातला रस

शनिवारी सकाळी आम्ही दोघं नवराबायको मनुकांची देठं काढत बसलो होतो. दारातल्या पायरीवर ती, खाली मी, मधे परात. माझी एक मनुका निवडून होईपर्यंत तिच्या चार व्हायच्या. तिची सगळी उमर लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात शेंगदाणे निवडण्यात गेलेली. मी बंगल्यावरचा माळी. माझ्या बोटांना खुरप्याची सवय.

"अहो, देठ ऱ्हायलं की रस तुरट होतो. नीट बघा."

"दिसंना गं."

"चष्मा कपाळावर हाय तुमच्या."

मी चष्मा खाली ओढला. मग म्हणाली, "आन् तोंडात किती टाकल्या?"

"एकबी न्हाई."

"मिशीला साल चिकटलंय."

निवडून झाल्यावर तिनं मनुका दोन पाण्यांनी धुतल्या, मोठ्या पातेल्यात भिजत घातल्या, वर ताट झाकलं आणि मांजर तोंड घालील म्हणून ताटावर वरवंटा ठेवला. वरवंटा मी उचलून दिला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. जेवण झाल्यावर "जरा पडते" म्हणाली आणि पडली ती उठलीच नाही. गल्लीतला डॉक्टर आला, त्यानं नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि म्हणाला, आबा, हृदय थांबलंय. करोनाबिरोना काही नव्हता. झोपेत गेली. तिला त्रास झाला नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो आणि ते खरंही आहे.

त्या मनुकांचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमची मंडळी लहान. लोणावळ्याच्या खालच्या अंगाला जुनं दगडी चर्च, पत्र्याचं छप्पर. माणसं लोणावळ्यातली, कुसगावची, दोन-चार घरं पार सुदुंबऱ्याकडून येणारी. आमच्याकडं प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला, विकतची वाइन कधी आली नाही. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. तो रस. लग्न होऊन आली तेव्हापासून तो तिनंच केला. रविवारी सकाळी रस कडीच्या डब्यात ओतायचा आणि डबा दोघांनी दोन बाजूंनी कडीला धरून चर्चमध्ये न्यायचा, असा आमचा रिवाज. तिथं तो प्याल्यात ओतला जायचा. प्याला एकच. पाळक कडा पुसत पुसत पुढं द्यायचे आणि सगळी मंडळी त्याच प्याल्याला तोंड लावायची. म्हातारे, पोरी, सर्दी झालेले, सगळे. कोणाला कधी किळस आली नाही.

मग करोना आला आणि चर्चला कुलूप लागलं. लोणावळ्यात माणूस दिसेना. चिक्कीची दुकानं बंद, बंगले बंद, मी एकटाच जाऊन लोकांच्या बागेला पाणी घालायचो. ईस्टर घरात झाला. पाळक मोबाईलवर उपासना घ्यायचे, त्यांचा आवाज मधेच तुटायचा. तोंडासमोर मोबाईल धरून ती म्हणायची, "पाळकसाहेब, तुमी दिसताय, पण देव अडाकलाय."

पुढं सरकारनं कुलूप काढायला परवानगी दिली, ती नियमांसकट. तोंडाला मास्क, मधे अंतर, हात धुवायचे, आणि एकाचं तोंड लागलेलं दुसऱ्यानं घ्यायचं नाही. आमचे पाळक तरुण, शांत बोलतात. त्यांनी चर्चच्या आवारात सगळ्यांना उभं करून सांगितलं, "सरकार देवाला मानू नका म्हणत नाही. एकमेकांचं उष्टं घेऊ नका म्हणतंय. प्रत्येकानं आपापला ग्लास घरून आणा."

त्यावर माझा मेव्हणा उभा राहिला. माझ्या बायकोचा थोरला भाऊ, राहणार कुसगाव, मंडळीचा वडील, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. म्हणाला, "प्याला एक, म्हणून मंडळी एक. घरचा गिलास आणायचा तर घरीच बसलेलं काय वाईट?"

मी चौथी शिकलेला माणूस, मला शास्त्रातलं फार कळत नाही. पण मी म्हटलं, "पाव्हणं, तुमाला करोना झाला तर दवाखान्यात प्याला यायचा न्हाई. जेवणाचा डबा घेऊन मलाच यावं लागंल."

लोक हसले. त्याला ते झोंबलं. निघून गेला, आणि त्याच्यामागं कुसगावची घरं गेली. बोललो त्याचं मला वाईट वाटत नाही. आजही तेच बोलेन.

नव्या नियमाचा मला मात्र एक फायदा झाला. आमच्या चर्चमध्ये पुरुष उजवीकडं आणि बाया डावीकडं बसतात. नियम आला की एका घरातल्यांनी एका बाकावर बसावं आणि दुसऱ्या घरापासून लांब. म्हणजे लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदा मी चर्चमध्ये बायकोशेजारी बसलो. गीत सुरू झालं की मी ओठ हलवायचो. इतकी वर्षं खपून गेलं होतं. पहिल्याच रविवारी तिनं कोपर मारलं. "आवाज कुटंय तुमचा?" त्यानंतर मी गायला लागलो. बेसूर गातो, पण गातो.

पहिल्या प्रभुभोजनाला गंमत झाली. ग्लास आणा म्हटलं, पण केवढा ते कोणी सांगितलं नाही. कोणी ताकाचा स्टीलचा ग्लास आणला, कोणी चहाचा कप, एका म्हातारीनं खोकल्याच्या औषधाचं टोपण आणलं. हॉटेलात कामाला असलेल्या पोरानं लांब दांडीचा काचेचा आणला. पाळकांना कोणाचं मन मोडवेना, ते ग्लास बघून ओतत गेले. तिसऱ्या बाकापाशी रस संपला.

ही बातमी कुसगावला पोचायला वेळ लागला नाही. मेव्हण्यानं निरोप धाडला, "येशूनं पाच भाकरीत हजारो जेवू घातले. तुमाला एक पातेलं पुरवता आलं न्हाई व्हय?"

आणि त्यानं आपल्या ओसरीवर वेगळी उपासना सुरू केली. तिथं प्याला होता, एकच, सगळ्यांच्या तोंडाला लागणारा. मास्क नाही, अंतर नाही. हवालदार येऊन एकदा दम देऊन गेला. तीन-चार महिने हे चाललं. नाताळला मेव्हणा आमच्या घरी करंज्या खायला आला नाही. असं कधी झालं नव्हतं. तिनं त्याच्या वाटणीच्या करंज्या डब्यात भरून फळीवर ठेवल्या. त्या मऊ पडल्या तरी मला हात लावू देईना.

शेवटी एके दिवशी ती उठली, पदर खोचला आणि चालत कुसगावला गेली. मी मागं. भावाच्या फाटकाबाहेर उभी राहिली, आत गेली नाही.

"दादा, रस मी करते. मग तुज्या ओसरीवरच्या प्याल्यात काय असतं रं?"

मेव्हणा ओसरीवरून खाली उतरला. आतून त्याची बायको म्हणाली, "कोकमाचं सरबत."

"कोकमाचं!" ती फाटकाला धरून हसायला लागली. "प्रभूला काय पित्त झालं होतं?"

मेव्हण्यालाही हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. मग ती गंभीर झाली. म्हणाली, "हे बग दादा. येत्या रविवारी मी रस करनार. एकाच पातेल्यात. तो आपल्या जुन्या प्याल्यात ओतायचा, प्याला सगळ्यांच्या म्होरं टेबलावर ऱ्हाईल. त्याला कुनी तोंड लावायचं न्हाई. पाळकसाहेब पळीनं त्यातलाच घोट ज्याच्या त्याच्या गिलासात देतील. तुजा प्याला एक ऱ्हायला, सरकारचाबी नियम ऱ्हायला. आता येनार असलास तर सगळ्यांना घिऊन ये. न्हाई आलास तर मी परत पातेलं चुलीवर चढवनार न्हाई. ना तुज्यासाठी, ना ह्यांच्यासाठी."

मेव्हणा एवढंच म्हणाला, "बघतो."

परत येताना मी म्हटलं, "तो यायचा न्हाई."

"येईल. दादाचं 'बघतो' म्हंजे व्हय असतं. तुमाला इतकी वर्सं झाली तरी कळंना."

पाळकांनी ते मान्य केलं. त्या रविवारसाठी आम्ही शनिवारी मनुका निवडत होतो.

शनिवारी दुपारी ती गेली. अंधार पडायच्या आत माती द्यायची होती. नियम होता की कबरस्तानात वीसच माणसं. पाळक विचारायला आले, "आबा, कोणाकोणाला बोलवायचं?" मी म्हटलं, "मला काय विचारता? तिला सगळेच आपले होते."

पण बोलवायची वेळच आली नाही. पेटी घरातून काढली तर रस्त्यात माणसं उभी. आमच्या दारापासून कबरस्तानाच्या फाटकापर्यंत, रस्त्याच्या एका कडेला, एकमेकांपासून दोन-तीन हात लांब, मास्क लावून. आमच्याकडचे होते आणि कुसगावचेही होते. शेजारचे मराठ्यांचे, वरच्या वाडीतले ठाकरसुद्धा होते, त्यांच्याकडून ती करवंदं घ्यायची. पेटी पुढं जाईल तसं एकेक जण हात जोडायचा. कोणी "सलाम, बाई" म्हणायचं. कोणी रांग सोडली नाही. हवालदार मोटरसायकलवरून आला, रांगेकडं बघितलं आणि टोपी काढून गाडी बाजूला लावली. आत वीसच माणसं गेली. मेव्हणा त्यात होता.

माती दिल्यावर मी हात झटकले आणि त्याला म्हटलं, "मनुका भिजत घातल्यात तिनं."

तो म्हणाला, "दाजी, आता कशाला ते?"

"तिनं भिजवल्यात. मी फेकू व्हय?"

त्यानं पाठ फिरवली. फाटकातून गेला. मला वाटलं, मोडलं. ती गेली आणि मंडळीही गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वरवंटा उचलला, ताट काढलं. मनुका टम्म फुगल्या होत्या. एवढी वर्षं तिचा रस प्यालो, पण किती वेळ उकळायचा हे कधी विचारलं नव्हतं. स्टोव्हवर पातेलं ठेवलं आणि वासावर उभा राहिलो. तिच्या वेळी घरात जसा वास यायचा तसा आला तेव्हा खाली उतरवलं. कुस्करताना हात भाजले. तिच्या मलमलच्या फडक्यातून गाळलं. चव घेतली. देठ कुठं राहिलं नव्हतं. थोडा पातळ झाला होता, पण बरा होता. रिकामा डबा अंगणात ठेवला, तांब्या-तांब्यानं रस त्यात ओतला आणि झाकण लावलं.

मग कडी धरून उचलायला गेलो आणि गुडघा म्हणाला, नाही. त्या डब्याला कायम दोन माणसं लागायची.

तेवढ्यात फाटकात मेव्हणा. इस्त्रीचा सदरा, तोंडाला मास्क. त्याच्या तोंडाला मास्क मी पहिल्यांदाच आदल्या दिवशी बघितला होता. मागं रस्त्यावर कुसगावची माणसं लांब लांब उभी.

"रस झाला का, दाजी?"

"झाला."

तो पुढं होऊन कडीला हात घालायला लागला. मी म्हटलं, "लांब ऱ्हा. दोन हात."

"मग काय डबा उडत जाणार हाय?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि तिची कपडे वाळत घालायची बांबूची काठी उचलली. कडीतून आरपार घातली. एक टोक त्यानं खांद्यावर घेतलं, एक मी. डबा मधे लोंबायला लागला.

"झालं तुमचं अंतर?" तो म्हणाला.

"झालं."

उतारावरून आम्ही तसेच निघालो. लहानपणी संडेस्कूलमध्ये भिंतीवर एक चित्र होतं. बायबलातल्या कनान देशातून दोन माणसं काठीवर द्राक्षाचा भला मोठा घड टांगून आणतायत. मेव्हणा आणि मी एकाच संडेस्कूलचे. वाटेत तोच म्हणाला, "दाजी, ते चित्र आठवतंय का?" मी म्हटलं, "ती माणसं तरणी होती. आन् तू नीट चाल, सांडतंय." मागून कोणीतरी हसलं. मलाही बरं वाटलं.

चर्चमध्ये मी आमच्या बाकावर बसलो. मेव्हणा आला आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. एका घरातल्यांनी एका बाकावर, असा नियम होता. पाळकांनी बघितलं, आणि गीताचा आकडा सांगितला. मी गायलो. बाकाच्या त्या टोकाहून मेव्हण्यानं मान वळवून बघितलं, कारण माझा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

पाळकांनी सगळा रस जुन्या प्याल्यात बसेना म्हणून थोडा थोडा ओतत, पळीनं वाटत आणला. आमच्या बाकापाशी आले तेव्हा मला समजलं, माझ्याकडं ग्लास नाही. आमचे दोन्ही ग्लास तीच पिशवीत घालून आणायची. मला आठवण राहिलीच नाही. मेव्हण्यानं आपला पुढं केला आणि लगेच मागं घेतला. उष्टं झालं असतं. त्याला ते सुचलं, हेच मला पुष्कळ झालं.

मी मास्क खाली ओढला आणि ओंजळ पुढं केली. पाळकांनी पळी रिकामी केली. मी ओंजळीतून प्यालो. थोडा रस मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत गेला.

रस सगळ्यांना पुरला. डब्यात तळाला थोडा उरला, तो मी चर्चच्या दारातल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतला, ती ओतायची तसा. मेव्हण्यानं नळ सोडला, मी डबा घासला, आणि रिकामा असला तरी तो काठीवर घालूनच आम्ही दोघांनी घरी नेला.